कारणाचा रकाना

अर्ज घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या खेपेत मोकळं करायचं नाही, असा आपल्या बहुतेक कचेऱ्यांचा न लिहिलेला नियम आहे. कधी छायाप्रत कमी असते, कधी सही चुकीच्या ओळीवर पडलेली असते. माणूस परत जातो, आठवड्याने पुन्हा येतो, आणि टेबलापलीकडे बसलेल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मधुसूदनरावांना मात्र वाटे. म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सिडकोतल्या आपल्या घराची पुढची खोली माजी सैनिकांच्या कागदपत्रांसाठी मोकळी केली. दर शनिवारी दहा ते एक. बाहेर पाटी नव्हती, तरी फुलंब्रीपासून बिडकीनपर्यंतच्या निवृत्त जवानांना पत्ता तोंडपाठ होता.

कागदांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. बँकेच्या आधी ते वीस वर्षं पायदळाच्या एका पलटणीत क्लार्क होते आणि हवालदार म्हणून बाहेर पडले. कारगिलच्या लढाईत त्यांच्या कंपनीचे सगळे अहवाल त्यांनीच लिहिले. रोज हजर किती, आजारी किती, जखमी कोण आणि कशाने. लढाई संपल्यावर कमांडिंग ऑफिसरांनी त्यांना प्रशस्तिपत्र दिलं. ‘युद्धकाळातील निर्दोष नोंदींबद्दल’ असे शब्द त्यात होते. ते चौकटीत बसवून टेबलाच्या बरोबर वर लावलेलं होतं. येणारा माणूस खुर्चीत बसला की आधी ते वाची आणि मगच पिशवीतले कागद काढी.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी पिशोरहून एक जोडपं आलं. पुरुष चोपन्न-पंचावन्नचा, डावा पाय ओढत चालणारा. बाईच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट.

“बाबूजी, वळखलं का?” पुरुषाने विचारलं.

बाबूजी हे फौजेतलं संबोधन. कंपनीच्या क्लार्कला जवान तेच म्हणत. मधुसूदनरावांना ओळखायला एक क्षण लागला, मग ते खुर्चीतून उठलेच. “अरे, लंगरचा सांडू!”

फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि सांडू त्यांच्या कंपनीचे कुक होते. मधुसूदनरावांनी आत आवाज देऊन चहा सांगितला. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना सांडूंच्या हातच्या चण्याच्या भाजीचं सविस्तर वर्णन ऐकावं लागलं. सांडूंच्या पत्नी सारजाबाई ते ऐकून म्हणाल्या, “आमच्या नशिबी ती भाजी कधी आली नाय. फौजेतून आल्यापून यांनी घरात गॅस बी पेटवला नाय, अन् तिकडं म्हणं स्टोव्ह फोडला.”

सांडू हसले नाहीत. त्यांनी पाकिटातून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

हकीगत अशी होती. पिशोरच्या शाळेने गावातल्या अकरा माजी सैनिकांच्या नावांचा फलक लावायचं ठरवलं. प्रत्येकाच्या नावाखाली त्याची कामगिरी दोन ओळींत यायची होती, म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्यांचे सेवेचे कागद मागवले. सांडूंचे कागद पंचवीस वर्षं पेटीत पडून होते. ते इंग्रजीत होते आणि सांडूंनी ते कधी कुणाकडून वाचून घेतले नव्हते. शाळेच्या पटांगणात गाव जमलेलं असताना मुख्याध्यापक एकेकाचा कागद मराठीत करून मोठ्याने वाचत होते. सांडूंची पाळी आली. ‘लंगरमध्ये रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडून डाव्या मांडीला इजा. शत्रूच्या कारवाईशी संबंध नाही.’

सांडू पंचवीस वर्षं गावाला सांगत आले होते की त्यांच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. मग मागून कुणीतरी हसलं.

त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव स्टोव्ह फौजी पडलं होतं. पारावर बसलं की कुणी काडेपेटी पुढे करी आणि विचारी, फौजी, पेटवता का? सांडूंनी पारावर जाणं सोडलं. त्यांनी सैन्याच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज केला. सोबत घाटीच्या सरकारी दवाखान्यात नव्याने काढलेला एक्स-रे जोडला, त्यात मांडीतला धातूचा तुकडा स्पष्ट दिसत होता. तीन महिन्यांनी उत्तर आलं. धातूचा तुकडा स्टोव्हचाही असू शकतो, तेव्हा मूळ नोंद करणाऱ्याची अथवा प्रत्यक्षदर्शीची साक्ष असल्याखेरीज नोंदीत बदल करता येणार नाही.

मधुसूदनरावांनी त्यांना एक सरळ प्रश्न विचारला. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या सैनिकाला पराक्रम पदक मिळतं, पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा असलेलं. ते मिळालं नाही तेव्हाच का विचारलं नाही?

“मला वाटलं, ते बंदूकवाल्यांना असतं,” सांडू म्हणाले. “लंगरवाल्याला कोण देतंय? म्हणून इचारलंच नाय. अन् पदकाचं राहू द्या, बाबूजी. जखम माझी हाये, ती माझ्या नावावर पायजे. तुमी कंपनीचे बाबूजी व्हते. तुमची गवाही पायजे.”

मधुसूदनरावांनी कागद उचलला. मूळ अहवालाची ती प्रत होती. खाली कंपनी कमांडरची सही. वरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. ते गोल, सुटं, एका मापाचं अक्षर त्यांनी कुठेही ओळखलं असतं.

“ही माझ्या हातची नोंद आहे, सांडू,” ते म्हणाले. “मी ऐकीव काही लिहीत नव्हतो.”

“मंग मी खोटं बोलायलोय का?”

आपली त्या वेळची खासगी डायरी माळ्यावर आहे, ती पाहून सांगतो, पुढच्या शनिवारी या, असं मधुसूदनराव म्हणाले. माणसाला परत पाठवायचं नाही म्हणून ज्याने खोली उघडली, त्याने सांडूंना परत पाठवलं. दोघं एसटीने पिशोरला गेले.

डायरी रविवारी दुपारी सापडली. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. मधुसूदनराव ती शोधत होते ते सांडूला दाखवण्यासाठी, स्वतः पाहण्यासाठी नव्हे. फोनवरून येणारा प्रत्येक निरोप ते आधी या डायरीत वेळेसकट टिपत आणि मग त्यावरून पक्का अहवाल लिहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं पान त्यांनी उघडलं. नोंद पेन्सिलीने केलेली होती.

‘१४.२०. वरच्या ठाण्यावरून बद्रीनाथ. कुक सांडू जखमी. पायाला. खाली पाठवतोय. लाइन तुटली.’

पुढची नोंद तासाभराने, दुसऱ्याच विषयाची.

स्टोव्ह कुठेच नव्हता! त्यांनी पान पुन्हा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. स्टोव्ह नव्हता, भडका नव्हता, लंगर हा शब्दसुद्धा नव्हता.

आणि मग ती दुपार त्यांना हळूहळू आठवली. अहवालाच्या छापील फॉर्मवर पाच रकाने असत, त्यातला शेवटचा कारणाचा. रकाना मोकळा राहिला तर फॉर्म पलटणीच्या मुख्यालयातून लाल खूण होऊन परत येई आणि त्यांच्या कंपनीचा एकही फॉर्म तोवर परत आलेला नव्हता. डाक घेऊन जाणारा जवान चार वाजता निघायचा. लाइन जोडली जात नव्हती. कुक जखमी म्हणजे लंगरमध्येच झाला असणार. लंगरमध्ये म्हणजे स्टोव्ह. निरोप वरच्या ठाण्यावरून आला होता, याचा विचारही त्यांनी केला नाही. त्याच महिन्यात शेजारच्या कंपनीत दोन जण स्टोव्हने भाजले होते. त्यांनी लिहून टाकलं. एका मिनिटाचं काम होतं. कंपनी कमांडरने त्या दिवशी चाळीसेक कागदांवर सह्या केल्या, त्यात ही एक. लाइन संध्याकाळी जोडली गेली, पण तोवर फॉर्म गेला होता आणि रकाना भरलेला होता. भरलेल्या रकान्याबद्दल कोण विचारतो?

मधुसूदनरावांनी तो आठवडा एक मसुदा लिहिण्यात घालवला. खरं तर दोन वाक्यांत भागणारं काम होतं. पण टेबलाशी बसलं की वरचं प्रशस्तिपत्र दिसे. शुक्रवारपर्यंत त्यांच्या हातात एक नीटनेटकं प्रतिज्ञापत्र तयार होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘वरच्या ठाण्यावरून दूरध्वनीद्वारे चुकीची माहिती प्राप्त झाल्याने सदर नोंद त्या आधारे करण्यात आली.’

काम होणार होतं. सांडूंची नोंद बदलणार होती, पदक मिळणार होतं, आणि कुणाला धक्का लागणार नव्हता. फोनवर बोललेला बद्रीनाथ फुलंब्रीचा होता आणि तीन वर्षांपूर्वी वारला होता.

शनिवारी सांडू आणि सारजाबाई वेळेवर आले. मधुसूदनरावांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. सांडूंनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, यात फोनवरचा माणूस म्हणजे बद्रीनाथच ना?

मधुसूदनराव हो म्हणाले.

“बाबूजी, बद्रीनाथनंच मला ठाण्यात ओढून नेलं, तो माझ्या शेजारीच व्हता. एका हातानं माझी मांडी दाबून धरलेली, दुसऱ्या हातात फोन. तो काय बोलला ते म्या माझ्या कानानं ऐकलंय. चुकीचं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाय. पुढचं सांगणार व्हता, तवर लाइन गेली.”

मधुसूदनरावांनी समजावून पाहिलं. बद्रीनाथ आता हयात नाही, त्याला याचा काही त्रास होणार नाही. कागद फक्त अभिलेख कार्यालयात जाईल. आणि काम तर सांडूंचंच होतं आहे.

“माझ्या नावावर खोटं लिवलं गेलं,” सांडू म्हणाले, “ते मी पंचवीस वर्सांनी गावासमोर ऐकलं. तेच आता बद्रीनाथच्या नावावर लिवायचं? त्याची बायको, लेकरं फुलंब्रीतच हायेत. उद्या त्यांच्या दारी कुणी असाच कागद वाचला तर? नाय, बाबूजी. असला कागद मला नको.”

सारजाबाईंनी एक्स-रेचं पाकीट उचललं. “चला,” त्या म्हणाल्या. “साडेबाराची गाडी हाय.”

सांडू दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मधुसूदनरावांना जड गेलं. “हजेरीचा कागद रोज तुमच्या हातचा लागायचा लंगरच्या दारावर. या कागदावरचं तुमचं अक्षर मी पहिल्या दिवशीच वळखलं व्हतं. म्या भांडायला आलो नव्हतो. म्हणलं, बाबूजी आपल्या तोंडानं सांगतील.”

ते गेले. खोलीत अजून एक जण थांबला होता, पेन्शनच्या अर्जासाठी. मधुसूदनरावांनी त्याचा अर्ज तपासला, एक चूक काढली, ती दुरुस्त करून दिली आणि खोली बंद केली. एक वाजायला चाळीस मिनिटं होती.

अंबिकाबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या आणि गोष्ट पायरी-पायरीने घेण्याची त्यांना सवय होती. त्यांनी डायरी मागितली, पान वाचलं, मग अहवालाची प्रत वाचली. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

“सांडूंच्या जागी रायफलवाला जवान असता,” त्यांनी विचारलं, “आणि एवढाच निरोप आला असता, अमका जखमी, पायाला, तर कारण काय लिहिलं असतं?”

“तोफगोळा.”

“न विचारता?”

“न विचारता,” ते म्हणाले.

“म्हणजे माहिती दोघांची सारखीच अपुरी. एकाला तुम्ही युद्धात जखमी केलं असतं आणि दुसऱ्याला स्वयंपाकघरात. चूक फोनची कुठे आहे यात?”

मधुसूदनरावांनी कारणं सांगितली. चारची डाक, तुटलेली लाइन, परत येणारे फॉर्म. लढाई चालू होती, दिवसाला साठ निरोप येत होते. शिवाय दोन स्टोव्हचे अपघात खरेच झाले होते. अंबिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं नव्हतं हे त्यांनाही मान्य होतं.

मग त्या म्हणाल्या, “मी चाचणीच्या उत्तरपत्रिका कशा तपासायची, आठवतं? वरचा कोपरा दुमडून पिन मारायची. नाव दिसू नये म्हणून. नाव दिसलं की हात आपोआप चालतो. हुशार मुलाची चूक नजरेतून सुटते, आणि मागच्या बाकावरच्याचं बरोबर उत्तरसुद्धा कॉपी वाटतं. पहिल्या वर्षी माझ्याकडूनही हेच झालं होतं. एका मुलीचे चार गुण मी असेच कापले होते. तिने काही म्हटलं नाही. तिला वाटलं, आपल्याला एवढेच मिळायचे.” त्यांनी अहवालावर बोट ठेवलं. “सांडूंनाही तेच वाटलं. पदक बंदूकवाल्यांना असतं म्हणाले ना? तुम्ही हुद्दा बघून जखम लिहिलीत. आणि हुद्दा बघून त्यांनी ती मान्य केली. तुमच्या एका ओळीने त्या माणसालाच पटवून दिलं की त्याला काही मिळायचं नसतं. ही चूक मेलेल्या माणसावर टाकली, तर फक्त माणूस बदलेल. चूक तीच राहील.”

मधुसूदनरावांनी टेबलावरचं प्रतिज्ञापत्र घेतलं आणि मधोमध फाडलं. आयुष्यात त्यांनी लिहिलेला आणि स्वतः फाडलेला तो पहिला कागद!

नवं प्रतिज्ञापत्र त्याच दुपारी तयार झालं. ते एका पानाचंही नव्हतं. वरच्या ठाण्यावरून आलेला निरोप खरा होता. त्यात जखमेचं कारण नव्हतं. लाइन तुटल्याने ते कळलं नाही. लाइन जोडल्यावर मी विचारलं नाही. जखमी व्यक्ती कुक असल्याने अपघात लंगरमध्ये झाला असेल असं मी स्वतः गृहीत धरलं आणि तसं लिहिलं. याच काळातील नोंदींबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. ते परत घ्यायचं असल्यास माझी हरकत नाही. सोमवारी कोर्टासमोरच्या नोटरीकडे सही झाली. नोटरीने वाचून चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, काका, शेवटचा मुद्दा ठेवायचाच का? त्याची गरज नाही. मधुसूदनराव म्हणाले, ठेवायचा.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांडूंना फोन केला. कागद तयार आहे हे सांगितलं, वाचूनही दाखवला. मग म्हणाले, कार्यालयाचं उत्तर यायला वर्ष लागेल. पण तो कागद जिथे मोठ्याने वाचला गेला, तिथे हाही वाचला गेला पाहिजे. मी पिशोरला येतो.

“या,” सांडू म्हणाले. “पण जेवायला थांबावं लागंल.”

पुढच्या शनिवारी पुढची खोली पहिल्यांदाच बंद राहिली. पिशोरच्या शाळेच्या पटांगणात मुख्याध्यापकांनी लोकांना बोलावलं होतं. फलक तयार होऊन भिंतीशी उभा होता, अकरा नावांपैकी दहांच्या खाली दोन-दोन ओळी होत्या आणि एका नावाखाली जागा कोरी होती. मधुसूदनराव उभे राहिले, आपण कोण हे सांगितलं आणि प्रतिज्ञापत्र वाचलं. वाचताना त्यांचा आवाज बँकेतल्यासारखाच राहिला, ना वर गेला ना खाली. ‘मी स्वतः गृहीत धरलं’ या शब्दांपाशी ते थांबले, कारण मागच्या रांगेला ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, “मंग तुमाला शिक्षा काय?”

“माहीत नाही. जी होईल ती.”

“अन् खरं काय झालं व्हतं?” आणखी कुणी विचारलं. पंचवीस वर्षं ऐकलेली गोष्ट गावाला आज पहिल्यांदा ऐकायची होती.

सांडूंनी बसल्या जागेवरूनच सांगितलं. वरच्या ठाण्यावर दोन दिवस गरम अन्न गेलं नव्हतं. सामान वाहणारे हमाल वाटेवरच्या माऱ्यामुळे थांबले होते. त्यांनी पुऱ्या आणि उकडलेले बटाटे पोत्यात भरले आणि स्वतःच निघाले. ठाणं हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा गोळा पडला. एवढंच. त्यांनी हे तीन-चार वाक्यांत संपवलं, कारण ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना ते पाठ होतं आणि आता त्यात भर घालायची गरज नव्हती.

पुढे बायकांमध्ये बसलेल्या आवडाबाई गावातल्या सगळ्यात वयस्कर. त्यांनी विचारलं, “पुऱ्यांचं पोतं वर पोचलं का रं?”

“पोचलं, आजी,” सांडू म्हणाले. “बद्रीनाथनं नेलं.”

या वेळी कुणी हसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ज्याने पारावर काडेपेटी पुढे केली होती, तो माणूस सांडूंजवळ आला आणि त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिला. सांडूंनी त्याला जेवायला बोलावलं. त्या दिवशी सारजाबाईंच्या घरी चण्याची भाजी सांडूंनी केली. सारजाबाई म्हणाल्या, मीठ कमी आहे.

अभिलेख कार्यालयाचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं. चौकशी झाली, हॉस्पिटलचे जुने कागद काढले गेले, डायरीची पानं मागवली गेली. शेवटी पत्रात एकच ओळ होती: ‘जखम शत्रूच्या तोफमाऱ्यात झाल्याचं मान्य करून मूळ नोंद दुरुस्त करण्यात येत आहे.’ पदक त्यानंतर टपालाने आलं. फलकावरची कोरी जागा भरली गेली. सांडू आता रोज पारावर बसतात. प्रशस्तिपत्राबद्दल कुणी काही कळवलं नाही. मधुसूदनरावांनी ते आधीच भिंतीवरून काढून ठेवलं होतं. अंबिकाबाईंनी विचारलं होतं, बाकीच्या नोंदी तर बरोबर होत्या ना?

“माहीत नाही,” मधुसूदनराव म्हणाले होते.

हे माहीत नसणं त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी डायरी पहिल्या पानापासून तपासली. निरोप अपुरा आणि कारण भरलेलं, अशा आणखी चार जागा निघाल्या. एक न्हावी, एक धोबी, दोन पाणी वाहणारे. बंदूकवाला एकही नाही. चौघांना त्यांनी पत्रं लिहिली आहेत. एकजण बिडकीनजवळ सापडला. त्याचं कारण बरोबर निघालं, पण आपल्याला कुणी विचारलं याचंच त्याला नवल वाटलं. दोघांची उत्तरं यायची आहेत. चौथ्याचं पत्र पत्ता सापडत नसल्याने परत आलं, तेव्हा त्यांनी दुसरं पाठवलं.

ही एका क्लार्कची गोष्ट आहे, पण त्याच्या टेबलाशी आपण सगळेच बसलेलो असतो. कामाला येणाऱ्या बाईचा खाडा झाला की कारण आपणच ठरवतो. वॉचमनला डुलकी लागली की कारण आपणच ठरवतो. त्याच दिवशी आपला साहेब उशिरा आला तर त्याला वाहतूक नडलेली असते, याची आपल्याला खात्री असते. माणसाचं काम कोणतं हे पाहून त्याच्या बाबतीत काय घडलं असेल ते आपण लिहून मोकळे होतो, आणि एकदा लिहिलं की ते खोडायला पंचवीस वर्षंसुद्धा पुरत नाहीत. ही सवय मोडायला कायदा लागत नाही. आधी विचारावं, मग लिहावं. विचारता आलं नाही, तर रकाना कोरा ठेवण्याची हिंमत दाखवावी. कोरा रकाना फार तर परत येतो.

मधुसूदनरावांची खोली अजूनही शनिवारी दहाला उघडते. येणाऱ्यांसाठी त्यांनी माहितीचा नवा कागद केला आहे. त्यात पहिला प्रश्न आहे, काय झालं? नाव आणि हुद्दा अगदी वरच्या कोपऱ्यात, आणि माणसाचं ते लिहून झालं की मधुसूदनराव न वाचता तो कोपरा दुमडतात. टेबलावर त्यासाठी अंबिकाबाईंचं जुनं पिन मारायचं यंत्र ठेवलेलं आहे. कोपऱ्याला पिन मारून ते कागद समोर ओढतात, पेन उघडतात आणि म्हणतात, “हं, सांगा. सुरुवातीपासून सांगा.”